खाडीकाठच्या माणसाला पोहता येत नाही

दादा : ताई, प्रौढांच्या बॅचला नाव घाला, असं तुम्ही इतक्यांदा म्हणालात की आता टाळणं बरं दिसत नाही. म्हणून खरं कारण सांगतो. पाण्याची भीती आहेच, पण तिच्याशी मी कसंतरी जमवून घेतलं असतं. माझी अडचण ही की मी घणसोली गावातला आहे. आजोबा मिठागरावर राबले. भरती कधी लागणार, ओहोटी कधी, हे त्यांना कुणाला विचारावं लागायचं नाही. खाडीत पोहायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, वडिलांनाही नाही; ते आपसूक आलं. त्यामुळे आमच्या घरातल्या माणसाला पोहता येत नसेल, असं कुणाच्या मनातच येत नाही. सेक्टरमध्ये राहायला आलेला एखादा नोकरदार चाळिशीत पोहायला शिकतो, तेव्हा लोक त्याचं कौतुक करतात. मी साडेतीन फूट पाण्यात दांडी धरून उभा राहिलो, तर ओळखीचा माणूस म्हणणार, अरे, हा तर गावातला, आगरी, आणि याला येत नाही? या वयापर्यंत माणूस आपल्याला काय येत नाही ते झाकायला चांगला शिकलेला असतो. ऑफिसात निभतं, लग्नकार्यात निभतं. पोहण्याच्या तलावावर ते झाकायला अंगावर कपडासुद्धा नसतो.

ताई : दादा, आजोबांना येत होतं आणि तुम्हाला येत नाही, यात तुमचा वाटा किती आणि खाडीचा किती, हे तर आधी बघू. तुमचा जन्म सत्तरच्या दशकाच्या अखेरचा. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने त्याच्या आधीच उभे राहिले होते. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली आणि या गावांच्या शेतांचं, मिठागरांचं संपादन सुरू झालं. तुम्ही पोहायला शिकायच्या वयाचे झालात तेव्हा खाडीच्या पाण्याला रसायनांचा वास येत होता. आईनेच तुम्हाला उतरू दिलं नसणार. आता त्याच ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केलं, २०२२ मध्ये तिचं नाव रामसर यादीत गेलं. पक्ष्यांसाठी ती जपली जाते याचा मला मनापासून आनंद आहे. पण गावच्या पोरांनी उड्या माराव्यात असं पाणी काही परत आलं नाही. पोहणं तुमच्या घराण्यातून गेलं नाही, ते जिथे आपोआप यायचं ती जागा गेली. मग ते दुसऱ्या जागी, पैसे भरून, क्लोरीनच्या पाण्यात शिकावं लागलं तर त्यात लाज कसली? गावातल्या माणसाने तर तिथे हक्काने उभं राहावं.

दादा : तुम्ही कारण बरोबर सांगितलंत आणि ते ऐकून बरंही वाटलं. पण कारण कळल्याने लाज जात नाही. पाण्यात उभं राहिल्यावर मला सिडको आठवणार नाही, शेजारच्या लेनमधून सपसप पुढे जाणारी आठ वर्षांची मुलगी दिसेल. आणि लाजेच्या पलीकडेही माझी एक शंका आहे, ती तुम्ही हलकी समजू नका. आमच्याकडे पूर्वी पोराच्या पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचे आणि ढकलून द्यायचे. नाकातोंडात पाणी जायचं, चार गटांगळ्या खायचा आणि यायचं पोहायला. ते चालायचं, कारण त्या पोराला दिवसभर त्याच पाण्यात राहायचं होतं. सकाळी, दुपारी, वर्षानुवर्षं. मी रोज पाऊण तास जाऊन महिन्याभरात काय मिळवणार? एक लांबी कशीबशी पार करीन आणि मला पोहता येतं असा समज करून घेईन. देशात दरवर्षी ३५ हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात. त्यांत पोहता न येणारे असतात तसे थोडंसं येणारेही असतात. पावसाळ्यात आपल्याच डोंगरातल्या धबधब्यांवर, दगडखाणींच्या खड्ड्यांत जे तरुण जातात, त्यांत कितीजण तलावात शिकलेले असतील? ज्याला येत नाही तो निदान काठावर थांबतो. माझ्या अज्ञानाने मला आजवर जिवंत ठेवलंय, असंही म्हणता येईल.

ताई : अर्धवट येण्याचा धोका मला मान्य आहे. तलावाच्या स्थिर, स्वच्छ, तळ दिसणाऱ्या पाण्यात जे येतं ते धबधब्याखालच्या डोहात येत नाही, हे प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी सांगितलं पाहिजे. पण काठावर थांबणं नेहमी आपल्या हातात असतं का? होडी उलटते, पाय घसरतो, नातू पाण्यात पडतो. आणि तुम्ही शिकण्याचा अर्थ लांबी पार करणं असा धरताय, तिथेच गडबड आहे. लांबी फार पुढची गोष्ट. माझ्या बॅचमध्ये पहिले कितीतरी दिवस हात मारायला शिकवलंच नाही. आधी काय, तर तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायचे. श्वास पाण्यात सोडायचा, वर आल्यावर घ्यायचा. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो, श्वास कोंडून धरतो. मग छातीत जी तगमग होते तिला आपण प्राणवायू संपला असं समजतो. खरं तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो आणि तो बाहेर पडायला मागत असतो. बुडबुडे काढले की तगमग कमी होते. त्यानंतर तरंगणं. छातीत हवा असेल तर बहुतेक माणसं गोड्या पाण्यातही तरंगतात, पण डोकं चार-पाच किलोचं असतं. ते वर उचलायला गेलात की पाय खाली जातात. बुडायच्या भीतीने मान वर काढायची, आणि मान वर काढल्यामुळेच बुडायचं. आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते : तरंगता तरंगता पुन्हा उभं राहणं. गुडघे पोटाशी घ्यायचे, हात खाली दाबायचे, मग डोकं वर, मग पाय तळाला. एवढं जमलं की आपण पाण्यात अडकलो नाही, कधीही उभे राहू शकतो, हे अंगाला पटतं. माझी भीती तिथे अर्धी झाली.

दादा : अंगाला पटतं म्हणता, पण अंगाला पटण्याआधी डोक्याला पटावं लागतं ना?

ताई : नाही, इथे क्रम उलटा आहे, आणि हे मी म्हणते म्हणून नाही. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने, तोच विजेचे प्रयोग करणारा, एका मित्राला पत्र लिहिलं होतं. त्या मित्राला वाटत होतं की आता या वयात पोहायला शिकणं होणार नाही. तुमचाच प्रश्न. फ्रँकलिनने त्याला उपाय सांगितला तो असा : हळूहळू खोल होत जाणारी जागा शोध, छातीभर पाण्यात जा, काठाकडे तोंड कर आणि आपल्या आणि काठाच्या मध्ये एक अंडं टाक. ते तळाला जाईल आणि स्वच्छ पाण्यात दिसत राहील. आता खाली वाकून, डोळे उघडे ठेवून ते उचलायचा प्रयत्न कर. तेव्हा तुला कळेल की खाली जाणं सोपं नाही, पाणी तुला वर ढकलतंय. बघा, त्याने मित्राला धीर धर, घाबरू नको असं नुसतं सांगितलं नाही, त्याच्या हाताला काम दिलं. भीती जाईल तेव्हा पाण्यात उतरीन, असं जो म्हणतो तो उतरत नाही. नाव घालण्याआधी धीर गोळा करायचा, ही अटच मुळात चुकीची आहे. धीर हे उतरण्याचं फळ आहे.

दादा : थांबा. तुमच्या बोलण्यात इथे एक भोक आहे. धीर उतरल्यावर येतो, हे कोण सांगतं? ज्याला आला तो. जो तिसऱ्या दिवशी घरी गेला आणि परत आला नाही, त्याला कोण विचारतं? त्याची फी जमा झालेली असते, त्याचं नाव यादीत राहतं, आणि बॅचमध्ये त्याच्याबद्दल फारतर एक वाक्य बोललं जातं : त्याला भीती वाटायची. म्हणजे दोष त्याचा. टिकलेल्या माणसांच्या अनुभवावरून तुम्ही सगळ्यांसाठी नियम काढताय. मी अशी माणसं ओळखतो ताई. एकाला शिकवणाऱ्याने हात सोडून खोल भागात नेलं, गंमत म्हणून. तो आज पन्नाशीत आहे, घरच्या बादलीतलं पाणीही तोंडावर मारताना डोळे घट्ट मिटतो. मोठ्या माणसाला पोरासारखं ढकलता येत नाही, कारण मोठ्या माणसाला मरण माहीत असतं. आणि आणखी एक. बुडणारा माणूस ओरडत नाही, हात हलवत नाही, तो गप्प होतो, असं तुम्हीच मला एकदा सांगितलं होतंत. घाबरलेला मोठा माणूसही तसाच असतो. तो सरांना सांगत नाही की मला जमत नाहीये. हसतो, मान हलवतो, उद्या येतो म्हणतो. ज्याला धीर येतो त्याचं तुम्ही सांगितलंत. ज्याला येत नाही त्याच्यासाठी तुमच्या बॅचमध्ये काय आहे?

ताई : याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. ज्या बायका येईनाशा झाल्या त्यांच्याकडे मी गेले नाही, आणि शिकवणाऱ्या मॅडमही गेल्या नाहीत. पण मी का टिकले ते सांगते, त्यातून काही सापडतं का बघा. मी माण तालुक्यातली. सासरे माथाडी, म्हणून आम्ही घणसोलीला. माणमध्ये पाऊस कमी; आमच्या लहानपणी पाणी म्हणजे टँकरची वाट आणि डोक्यावरचा हंडा. गावात एक विहीर होती, खाली उतरायला दगडी पायऱ्या होत्या, पाऊस बरा झाला की पोरं तिच्यात सूर मारायची. त्या पायऱ्या आमच्या वस्तीसाठी नव्हत्या. कुणी पाटी लावली नव्हती, लावायची गरजच नव्हती. मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला १९२३ साली, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं, कागदावर. बाबासाहेबांनी त्या पाण्याची ओंजळ भरली ती २० मार्च १९२७ ला, हजारो माणसांना बरोबर घेऊन, आणि त्यानंतर माणसांना मार खावा लागला. जिथे प्यायला एवढं करावं लागलं तिथे मजेसाठी पाण्यात उतरायचा विचार कुठल्या बाईने करायचा? मी इथल्या तलावावर नाव घातलं तेव्हा मला पोहायला शिकायचं होतं हे खरं, पण त्याहून जास्त, सगळ्यांच्या पाण्यात मला उतरायचं होतं. नाकात पाणी गेलं, खोकला आला, शेजारची हसली. तरी दुसऱ्या दिवशी गेले, कारण माझ्यासाठी ते परत जाणं पोहण्यापेक्षा मोठं होतं.

दादा : हे ऐकल्यावर माझी लाज मला फार छोटी वाटते. पण ती छोटी आहे म्हणून जाईल, असं मला सांगू नका. तुमच्यामागे आख्खी एक रांग उभी होती. तुम्ही मागे फिरला असतात तर त्या रांगेचं काहीतरी हरलं असतं. माझ्यामागेही रांग आहे, आजोबा, वडील, सगळे पोहणारे. तुमची रांग तुम्हाला पुढे ढकलते, माझी मला मागे ओढते. आणि म्हणूनच मोठ्या उदाहरणांचं मला ओझं होतं. परवा कुणीतरी मला मुरलीकांत पेटकरांचं सांगितलं. सांगली जिल्ह्यातला माणूस, सैन्यात मुष्टियोद्धा, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग लुळं पडलं, आणि १९७२ ला हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक. भारताचं ते पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. ऐकून ऊर भरून येतो. पण दुसऱ्या क्षणी मनात येतं, त्या माणसाने पाय चालत नसताना हे केलं आणि तुला दोन धड पायांवर साडेतीन फुटांत उभं राहवत नाही! अशी उदाहरणं भित्र्या माणसाला आणखी भित्रा करतात.

ताई : तुम्ही पेटकरांच्या गोष्टीचा शेवट धरलात म्हणून. सुरुवात धरा. ते पाण्यात उतरले तेव्हा पदकासाठी उतरले नव्हते. जखमांवरचा उपचार म्हणून त्यांना पोहायला सांगितलं होतं. जमिनीवर जे शरीर ऐकत नव्हतं त्याचं वजन पाण्यात कमी व्हायचं. म्हणजे एका तरुण, धडधाकट राहिलेल्या मुष्टियोद्ध्याला आपलं शरीर नव्याने, पहिल्यापासून शिकावं लागलं, दुसऱ्यांच्या देखत. मला त्या गोष्टीत पदकापेक्षा ते दिवस दिसतात, ज्यांचा फोटो कुणी काढला नाही. तुम्हाला कुणी हायडेलबर्गला चला म्हणत नाही. तुमच्या वयाला गुडघे दुखायला लागतात, रस्त्यावर धावणं जड जातं, तिथे पाणी उपयोगी पडतं. एवढं कारण पुरेसं नाही का?

दादा : कारणं मला पुरेशी मिळाली आहेत. मला हवी आहे जागा. मी साधं मागतो. ज्यांना भीती आहे अशा मोठ्या माणसांची बॅच वेगळी करा. त्या वेळेत बाजूच्या लेनमध्ये मुलं नकोत, गॅलरीत पालक नकोत, शिट्टी नको. शिकवणारा आमच्याबरोबर पाण्यात हवा, काठावर काठी घेऊन उभा नको. तो मला विचारील की आज कुठपर्यंत जायचं, आणि मी नाही म्हटलं तर त्या दिवशी तेवढंच. हे मिळालं तर मी उद्या नाव घालतो. प्रत्येकाने आपापली भीती घरी जिंकून यावं, असं सांगण्यापेक्षा हे सोपं नाही का?

ताई : शिकवणारा पाण्यात हवा, आपलं नाही ऐकणारा हवा, हे मला शंभर टक्के मान्य. नाव घालण्याआधी ते विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर फी भरू नका. पण वेगळ्या बॅचला माझा विरोध आहे. भित्र्यांची बॅच म्हटली की तिच्यात येणारा दारातच भित्रा ठरला. ज्या नजरेला तुम्ही घाबरता ती नजर तुम्ही स्वतःच आपल्यावर लावून घेताय. शेजारच्या लेनमधली ती आठ वर्षांची मुलगी तुमच्याकडे बघतसुद्धा नाही हो, तिला तिच्या वेळेची काळजी असते. हे तिच्या शेजारी चार दिवस उभं राहिल्याशिवाय कळणार नाही. पडद्याआड शिकलात तर पडदा काढायची भीती नवीन तयार होईल.

दादा : मग एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही कुठल्या बॅचला शिकलात?

ताई : लेडीज बॅचला.

दादा : तिथे पुरुष नव्हते. गॅलरी बंद असायची. शिकवायला मॅडम होत्या. तुम्ही आता मला जे नको म्हणताय त्यातलं बरंचसं तुम्हाला मिळालं होतं. ते नसतं तर तुम्ही गेला असतात?

ताई : नसते गेले. घरातून परवानगी मिळाली नसती हा एक भाग, आणि मिळाली असती तरी मी गेले नसते, हा दुसरा. तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. पण आता त्याच्या पुढचंही ऐका, कारण ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आमची लेडीज बॅच भर दुपारची. नोकरी करणारी बाई तिथे येऊच शकत नाही. जिला दुपार मोकळी आहे तीच येते, आणि मलाही आता दुपारचं काम मिळालं तर माझं पोहणं सुटेल. सकाळची बॅच आहे, सगळ्यांची. तिथे मी अजून गेलेले नाही. मला पोहता येतं, दम धरता येतो, खोल भागात पाय मारत उभी राहते. तरी त्या बॅचला जायचं म्हटलं की माझ्या पोटात तोच गोळा येतो जो पहिल्या दिवशी आला होता. पाण्याची भीती गेली. बघणाऱ्यांची गेली असं मला वाटत होतं. ती पडद्याच्या आत गेली होती, पडद्याच्या बाहेरची तशीच आहे.

दादा : म्हणजे वेगळी जागा नसती तर तुम्ही पाण्यात आला नसतात, आणि वेगळी जागा होती म्हणून तुम्ही तिथेच राहिलात.

ताई : हो. आणि यातलं कुठलं एक सोडून द्यायचं ते मला ठरवता येत नाही. ज्या बाईला आज दारातून आत यायचंय तिच्याकडून मी पडदा काढून घेणार नाही. पण तो किती दिवस ठेवायचा, आणि हे कोण ठरवणार? ती स्वतः ठरवील म्हणावं तर ती कधीच पुरे म्हणणार नाही, मी म्हटलं नाही. शिकवणाऱ्याने ठरवावं म्हणावं तर ते तुमच्या त्या ओळखीच्या माणसाला खोल भागात नेऊन हात सोडण्यासारखं होईल.

दादा : शिकवणाऱ्याने ठरवू नये, विचारावं. दर आठवड्याला. आज पलीकडच्या लेनला जाऊ या का? नाही म्हटलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा.

ताई : आणि प्रत्येक वेळी नाहीच म्हटलं तर?

दादा : तर विचारत राहावं. निदान आपल्याला कुणी विचारणारं आहे, हे कळेल. मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, सगळे धरून चालले होते की मला येतं.

ताई : मग मी विचारते. सकाळच्या बॅचला तुम्ही येता का? मीही पहिल्यांदाच येईन. तुम्हाला साडेतीन फुटांत उभं राहायचंय, मला बारा फुटांवर लोकांच्या देखत जायचंय.

दादा : तिथे गावातली माणसं असतील.

ताई : असतील. माझ्याही ओळखीची असतील.

दादा : आज हो म्हणत नाही. शिकवणारा पाण्यात उतरतो की काठावर उभा राहतो, एवढं आधी बघून येतो. तो काठावरच उभा राहणारा निघाला, तर मी येणार नाही आणि त्याला माझा भित्रेपणा म्हणू नका.

ताई : म्हणणार नाही. पण तो पाण्यात उतरणारा निघाला, तर तुम्ही दुसरं कारण शोधाल का, हे मला तेव्हा विचारावं लागेल. आणि तुम्ही मला माझं विचारा.